वर्दी खिळ्यावर, लायसन भिंतीवर

अपघाताची गोष्ट सोडली, तर चालत्या गाडीला हात करून थांबवायचा अधिकार तेव्हाच्या मोटार कायद्यानं दोघांना दिला होता. एक अंगावर वर्दी असलेला पोलीस. दुसरा, ज्याचं जनावर गाडीला बुजतंय असा कुणीही माणूस. पोलीस आणि बैलवाला, दोघं एकाच पंगतीला. एवढी साधी गोष्ट मला कळायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत मी एका हवालदाराची सासू तीनदा, त्याच्या बहिणीची बाजरी पाचदा आणि एक बोकड एकदा, घोडेगावाहून नगरला निमूट पोचवून आले. ती तेवीस वर्षांची मी आज समोर आली, तर आधी तिचा कान पिळीन आणि मग हवालदाराकडे वळीन.

साल एकाहत्तर-बहात्तर. माझं सासर घोडेगावच्या पुढं दोन कोसांवर, शेतकऱ्याचं घर. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. त्यांनी नगरला लष्कराच्या लिलावात एक जुनी जीप घेतली. घेतली खरी, पण ती चालवणार कोण, याचा विचार लिलावात हात वर करताना राहून गेला. मामांचा जन्म बैलगाडीवर गेलेला. पहिल्याच दिवशी जीप थांबवायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्टिअरिंग कासऱ्यासारखं छातीशी ओढलं आणि "हो, हो" म्हणाले. जीप कडब्याच्या गंजीत जाऊन थांबली. आमचे हे शाळामास्तर. त्यांनी आधी पुस्तक वाचून मग गाडीला हात लावायचं ठरवलं, आणि क्लचच्या धड्यापाशीच त्यांचा धीर सुटला.

राहिले मी. मी भिंगारची. माझे वडील लष्करात ड्रायव्हर होते, आणि त्यांनी मला लग्नाआधीच कॅम्पाच्या मागच्या माळावर गाडी शिकवली होती. हे सासरी सांगायची चोरी होती. जीप तीन आठवडे कडब्याशेजारी उभी राहिली तेव्हा मी भीतभीत सांगितलं. मामांनी एकदा माझ्याकडे, एकदा जीपकडे बघितलं. मग म्हणाले, "लायसन काढा. पन एक अट हाय, सूनबाई. गाडीपायी ज्या दिवशी पोलीस माज्या दारात आला, त्या दिवशी चावी माज्या हातात द्यायची. पुन्ना मागायची न्हाई."

आमच्या भागात दारात पोलीस येणं म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजणार नाही. तो पत्ता विचारायला जरी आला तरी गाव चार दिवस तेच चघळायचं. मी अट मान्य केली. मला वाटलं, मी कशाला काही वावगं करतेय.

लायसन मिळालं. तेव्हा ते एक छोटंसं पुस्तक असायचं, आत फोटो, सही, शिक्का. सगळ्या तालुक्यात तेव्हा बाईच्या नावचं दुसरं लायसन नसावं, निदान मी तरी तसं धरून चालले होते. ते हातात पडताच मी काय केलं? नगरच्या बाजारात देवांच्या तसबिरी मढवणाऱ्याकडे गेले आणि फोटोचं पान उघडं ठेवून ते पुस्तक काचेच्या चौकटीत बसवून घेतलं. कारागिरानं विचारलं, "ताई, हे गाडीत ठेवावं लागत नाही का?" मी मान ताठ करून म्हणाले, "मॅट्रिकचं सर्टिफिकेट कुणी पदरात बांधून फिरतं का?" त्यानं लगेच हातोडी उचलली. गिऱ्हाइकाच्या मूर्खपणावर त्याचं पोट होतं.

चौकट पुढच्या खोलीत, देवांच्या ओळीत लागली. खंडेनवमीला कोयता, विळा, नांगराचा फाळ यांच्याबरोबर सासूबाईंनी तिच्या काचेलाही हळदीकुंकू लावलं. आल्यागेल्याला मामा चहाआधी ती दाखवायचे. "आमच्या सुनंचं. सरकारी हाय." त्या कौतुकानं मी इतकी फुगले होते की लायसन नावाची वस्तू मुळात कशासाठी देतात, हेच विसरून गेले.

जीप रोज निघायची नाही. पण सासूबाईंना, मी त्यांना आत्या म्हणायचे, साखरेचा आजार होता आणि पायाला जखम झाली होती. ती दर आठवड्याला नगरला डॉक्टरांकडे धुऊन बांधून घ्यावी लागे. डॉक्टरांचा वार आणि घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराचा वार एकच. बाजाराच्या दिवशी एस.टी.त पाय ठेवायला जागा नसायची, आणि आत्यांचा तर तो पायच दुखरा. मग त्या दिवशी मी, आत्या आणि जीप.

घोडेगावात रस्त्याला लागूनच एक चहाचं हॉटेल होतं. बाजाराच्या बंदोबस्ताला येणारा हवालदार दिवसभर तिथंच बसायचा. पहिल्या खेपेला त्यानं हात केला आणि मी आज्ञाधारकपणे थांबले. जीप लष्कराची, तिचं स्टिअरिंग डाव्या बाजूला. तो सवयीनं उजव्या बाजूला गेला आणि आत्यांना म्हणाला, "लायसन काढा."

आत्या म्हणाल्या, "माज्याकडं निस्ती पिशवी हाय बाबा. त्यात भाकर हाय."

"मग गाडी कशी चालवता, मावशी?"

"म्या कुठं चालवती? म्या बसली हाय."

त्यानं वाकून पलीकडे बघितलं आणि मी दिसले. एक बाई गाडी चालवतेय हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला मी तेव्हा आश्चर्य समजले. पुढं मला कळलं, की गुराला चरायला नवं शिवार दिसलं की ते अशीच मान वर करतं.

"बाप्या मानूस कुठाय?" त्यानं विचारलं.

"शाळेत," मी म्हणाले. "शिकवतात."

"आन लायसन?"

"घरी आहे."

"घरी काय करतंय?"

आता याला काय सांगायचं? चौकटीत आहे, कुंकू लावलंय, असं सांगायची हिंमत झाली नाही. मी खाली बघितलं. माझी मान खाली गेली आणि तिथंच त्याचं काम झालं. तो म्हणाला, "बिगरलायसनची गाडी म्हंजी गाडी जमा. पंचनामा. सासऱ्याला बलवून घ्यावं लागंल. न्हाईतर मीच जातो तुमच्या दारात."

दारात हा शब्द त्यानं सहज टाकला असेल, पण मी घाईघाईनं 'दारात नको' म्हणून बसले. त्यानं ते बरोबर हेरलं. मग आवाज मऊ करून तो म्हणाला, "जाऊ द्या, ताई. नगरला चाललाच हाय तर एक पोतं तेवडं न्या. माजी बहीन ऱ्हाती तिकडं."

मी बाजरीचं पोतं नेलं. वर त्याला "उपकार झाले" असंही म्हणाले. हे लिहितानासुद्धा मला माझीच लाज वाटते. माझीच गाडी, माझंच लायसन, माझंच पेट्रोल, आणि उपकार त्याचे.

पुढच्या आठवड्याला त्यानं हात केला तेव्हा पोतं आधीच रस्त्याच्या कडेला आणून ठेवलेलं होतं. मग कधी पोतं, कधी सासू, कधी नशिबानं काहीच नाही. सासू जाडजूड, आणि तिला पुढंच बसायचं असायचं. मग आत्या दुखरा पाय घेऊन मागच्या पत्र्यावर. मी एकदा म्हणाले, "आत्यांना पुढं बसू द्या ना." तर ती म्हणाली, "जावईबापूंनी मला फुडं बस म्हनून सांगितलंय." जावईबापू पलीकडे बनियनवर बसून बशीतला चहा फुंकत होते. उन्हाचं कारण सांगून त्याचा खाकी शर्ट हॉटेलच्या कुडाला खिळ्यावर टांगलेला असायचा, त्यावरच पट्टा आणि टोपी. एक हात बशीला, एक हात रस्त्याला. तेवढ्यावर त्याचं राज्य चालायचं.

कुणी म्हणेल, मग लायसन भिंतीवरून काढून का नेलं नाहीस? हेच तर. चौकट हलवली की मामा विचारणार, का हलवली. कारण सांगितलं की पोलिसाचं नाव निघणार. पोलिसाचं नाव निघालं की चावी गेली. ज्या भिंतीवर मी मोठ्या तोऱ्यात लायसन लावलं, त्याच भिंतीत मी स्वतःला चिणून घेतलं होतं. आत्यांना सगळं दिसत होतं, पण त्याही घरी अवाक्षर बोलत नव्हत्या. चावी गेली असती तर पाय त्यांचाच सडला असता.

बोकड आला तो उन्हाळ्यात. पावसानं दगा दिलेलं साल, बाजारात विकायला आलेल्या जनावरांची रीघ लागलेली. हवालदारानं कुणाकडून तरी तो बोकड मिळवला होता. कसा मिळवला ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. "मागं बांधा, बहिनीकडं सोडा," एवढंच. त्याला धरायला आत्या मागं बसल्या, त्यांच्या पायाशी तो बांधला. पांढरीच्या पुलापर्यंत शांत होता. मग आत्या म्हणाल्या, "पोरी, गाडी थांबीव. ह्यो माजी पट्टी खातुय."

मागं वळून बघितलं तर पायाच्या पट्टीचं टोक बोकडाच्या तोंडात, आणि तो सावकाश, पंगतीला बसलेल्या पाहुण्यासारखा चावत होता. हातभर पट्टी पोटात गेली होती. जखम उघडी, तिच्यावर धूळ. आत्या रडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "आपलं चुकतंय कुठं, ते तरी बघ."

त्या दिवशी डॉक्टरांकडून परतताना मी गाडी भिंगारला माहेरी घेतली. वडिलांना मी दादा म्हणायचे. त्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेऊन त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "लायसन कुठाय तुझं?"

"भिंतीवर. चौकटीत."

दादांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "आणि स्टेपनी? ती देव्हाऱ्यात ठेवलीस का?"

आत्या हसल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसल्या असतील, त्याही माझ्यावर.

दादांच्या ट्रंकेत मोटार कायद्याचं एक जुनं पुस्तक होतं, पानं पिवळी पडलेली. नोकरीत त्यांना त्यातलं पाठ करावं लागलं होतं. चष्मा लावून त्यांनी बोट फिरवत मला मराठीत समजावलं. पोलिसानं हात केला तर थांबायचं, पण तो वर्दीत हवा. जनावर बुजत असेल आणि त्याच्या धन्यानं हात केला तर त्याच्यासाठीही थांबायचं. वर्दीतल्या पोलिसानं लायसन मागितलं तर दाखवायचं. जवळ नसेल, आणि गाडी भाड्याची नाही, घरची आहे, तर दहा दिवसांत पोलीस ठाण्यात नेऊन दाखवलं की पुरे. ठाणं कोणतं, ते आपण सांगायचं.

"आपण?" मी विचारलं.

"आपण. भारतातलं कुठलंही."

मग पुस्तक मिटून ते म्हणाले, "सासू, पोतं आणि बोकड यांचं कलम मात्र यात कुठं सापडलं नाही मला. तुझ्या हवालदाराला ठाऊक असेल तर विचारून घे."

तो सगळा आठवडा मी ती कलमं आरतीसारखी म्हणत होते. भाकरी थापताना, पाणी शेंदताना. रागही येत होता, पण खरं सांगायचं तर अर्धा राग माझ्यावरच होता. कायदा एका पिवळ्या पुस्तकात पडून होता, माझ्याच बापाच्या ट्रंकेत, आणि मी सासू वाहत होते.

पुढच्या बाजारी तो नेहमीसारखा बनियनवर, बशी हातात. त्यानं हात केला. शेजारी सासू गाठोडं घेऊन उभीच होती. मी गाडीचा वेग कमी केला नाही. आत्यांनी डोळे मिटून घेतले. आम्ही पुढं गेलो. पन्नास पावलांवर एक म्हातारा तांबडा गोऱ्हा घेऊन चालला होता. जीपच्या आवाजानं गोऱ्हा उधळू लागला, म्हाताऱ्यानं दावं आवळत दुसरा हात वर केला. मी तिथल्या तिथं गाडी थांबवली आणि इंजिनही बंद केलं.

तेवढ्यात हवालदार धावत आला. खाली खाकी हाफ पँट, वर घामानं भिजलेलं बनियन.

"ए बाई, म्या हात केला त्यो दिसला न्हाई का?"

मी म्हणाले, "दिसला की."

"मंग थांबली का न्हाईस?"

"थांबलेय की. या बाबांनी हात केला, थांबले."

"आन माज्या हाताला किंमत न्हाई व्हय?"

"कायद्यात दोघांसाठी थांबायला सांगितलंय," मी म्हणाले. शब्द पाठ होते. "वर्दीतल्या पोलिसासाठी आणि जनावर बुजलेल्या माणसासाठी. गोऱ्हा मला दिसला. वर्दी कुठं दिसली नाही."

बाजाराचा दिवस, माणसं जमायला काय वेळ. गोऱ्ह्यावाला म्हातारा दावं धरून उभा होता. तो म्हणाला, "म्हंजी हवालदारापरीस माज्या गोऱ्ह्याचा मान मोठा म्हना की."

कुणीतरी मागून म्हणालं, "मंग आता त्येला इकू नगंस, बाबा. नाक्यावर बसीव."

हवालदाराचं तोंड तांबडं झालं. तो तसाच मागं फिरला, हॉटेलात गेला, शर्ट चढवून, पट्टा आवळत आला. गडबडीत गुंड्या वरखाली लागल्या होत्या. टोपी घालून माझ्यासमोर उभा राहिला. "आता हाय का वर्दी? काढ लायसन."

"आता आहे," मी म्हणाले. "लायसन जवळ नाही. दहा दिवसांत ठाण्यात दाखवते. ठाणं मी सांगायचं असतं. भिंगारचं लिहून घ्या."

"भिंगारचंच का?"

"माझं माहेर आहे तिथं."

आता मात्र लोक मोकळेपणानं हसले. सासुरवाशिणीला माहेरी जायला निमित्त लागतं, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या घरचं दुखणं. मला वाटलं, जिंकले. तेवीस वर्षांच्या बाईला असंच वाटतं. लोक हसले की ती जिंकली.

हवालदार हसला नाही. त्यानं हळू आवाजात, मलाच ऐकू जाईल असं सांगितलं, "उद्या येतो तुज्या दारात."

आणि तो आला. दुसऱ्या दिवशी सकाळी, सायकलवर, वर्दीची एकेक गुंडी जागेवर. मामा ओट्यावर चऱ्हाट वळत बसले होते. समोरच्या घरातल्या बाया लगेच दारात आल्या. मी आतल्या खोलीत, दाराआड.

"तुमची सून बिगरलायसनची गाडी चालवती," तो म्हणाला.

मामा उठले आणि त्याला आत घेऊन आले. भिंतीकडे बोट केलं. "ह्ये काय हाय मंग? देवाचा फोटू हाय व्हय?"

हवालदारानं चौकट जवळून बघितली. काचेवरचं कुंकू बोटानं पुसून माझा फोटो बघितला. मग म्हणाला, "ह्ये गाडीत पायजे, काका. भितीवर न्हाई." इतक्या महिन्यांत तो खरं बोलला ते एवढंच एक वाक्य, आणि तेही नेमकं माझ्याविरुद्ध.

मामांनी त्याला चहा पाजला. तो गेला. मी बाहेर आले. मला वाटलं, मामा विचारतील, तो का आला, आधी काय घडलं, इतके दिवस काय चाललंय. त्यांनी काही विचारलं नाही. नुसता हात पुढं केला.

"चावी."

"मामा, पण लायसन आहे. तुम्ही स्वतः दाखवलंत."

"लायसनाचं म्या कुठं काय म्हनतुय? पोलीस दारात आला. शबूद दिलाय तुमी."

मी चावी दिली. मुकाट्यानं दिली. हवालदारासमोर भर बाजारात कलमं म्हणून दाखवणारी मी, घरात एक अक्षर काढू शकले नाही. अन्याय करणाऱ्याला चहा, आणि ज्याच्यावर झाला त्याच्याकडून चावी, हा आमच्या घरातला न्याय. आणि गावात हे घर न्यायी म्हणून ओळखलं जायचं, लोक भांडणं घेऊन मामांकडे यायचे.

जीप पुन्हा कडब्याशेजारी. पुढचा बाजार आला, डॉक्टरांचा वार आला. आत्यांना एस.टी.त चढता आलं नाही, त्या थांब्यावरूनच परतल्या. दोन दिवसांनी जखमेला वास यायला लागला. मी कडुलिंबाच्या पाण्यानं धुवत होते, मामा ओट्यावर होते. आत्या मोठ्यानं म्हणाल्या, म्हणजे मला नाही, ओट्याला, "बोकडानं पट्टी खाल्ली तवाच ही जखम चिघळली."

चऱ्हाट वळायचं थांबलं. "कंचा बोकड?"

"हवालदाराचा. आपल्या गाडीत बसला हुता."

"आपल्या गाडीत? बोकड?"

मग आत्यांनी सगळं सांगितलं. सून अडवली, सून धमकावली, हे मामांनी शांतपणे ऐकलं. सासू पुढं बसायची हेही पचवलं. पण लष्कराच्या लिलावातून आणलेल्या, दसऱ्याला हार घातलेल्या जीपमध्ये बोकड, हे त्यांना सहन होईना. मी तेव्हा मनातल्या मनात धुसफुसले होते. सुनेच्या अपमानाची किंमत बोकडाएवढीही नसावी? आजही ते आठवून धुसफुसते. पण कसं का होईना, माणूस जागा झाला.

"दहा दिवस कवा भरत्यात?" त्यांनी विचारलं.

"उद्या," मी म्हणाले.

"न्हाई दावलं तर?"

"तर पोलीस पुन्हा दारात येईल. आणि त्या वेळी त्याचं बरोबर असेल."

मामांनी कोपरीच्या खिशातून चावी काढली. "ठान्यापत्तुर चालवा. माघारी आल्याव बगू."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. मामा पुढं, चौकट मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली, जणू नवरीचा बाप रुखवत नेतोय. डॉक्टरांचा वार नव्हता, तरी विनवणी करून आधी आत्यांचा पाय बांधून घेतला, मग भिंगारचं ठाणं. तिथल्या अंमलदारानं चौकट टेबलावर आडवी ठेवली आणि विचारलं, "आत मुदत कुठं लिहिलीय ती बघायचीय. ही उघडायची कशी?" कागद कापायच्या सुरीनं खिळे उचकटले, काच बाजूला काढली. कारागिरानं पुस्तक खळीनं पुठ्ठ्याला डकवलेलं होतं, त्यामुळं मागचं एक पान फाटलं. पण मुदत होती, शिक्का होता. अंमलदारानं नोंद केली. भला माणूस वाटला. लायसन परत देताना त्यानं विचारलं, "तिथल्या माणसाबद्दल काही तक्रार द्यायचीय का?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. पोती, सासू, बोकड, बनियन, सगळं. मी मामांकडे बघितलं. मामा छताकडे बघत होते. मी म्हणाले, "नाही."

त्या एका शब्दासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. कायदा पाठ, माणूस समोर, कागद समोर, आणि माझं उत्तर "नाही". लोक म्हणतात जुन्या काळी बायका सोशिक होत्या. सोशिक कसल्या, भित्र्या होतो आम्ही, आणि त्या भित्रेपणाला घरंदाजपणा असं नाव दिलं की सगळ्यांचं भागायचं.

परतताना घोडेगावात, बाजार नसतानाही, तो उभाच होता. उन्हात, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला, टोपी सरळ. त्यानं हात केला. मी थांबवली. थांबवावीच लागली, आता कायदा त्याच्या अंगावर होता.

तो या वेळी न चुकता डाव्या बाजूला आला. "लायसन." मी पदराच्या गाठीतून काढून दिलं. तो एकेक पान उलटत राहिला.

मामांनी विचारलं, "का अडवलं, हवालदार?"

"चेकिंग."

"कशाचं?"

"गाडीचं."

"गाडीचं काय चुकलंय?"

"चुकलंय असं म्या कुठं म्हनलं?"

"मंग का अडवलं?"

त्यानं लायसन मिटलं. मग शर्टाच्या खिशावर बोट ठेवून म्हणाला, "वर्दी हाय न्हवं? मंग कारन कशाला पायजे?"

आणि तो खरं बोलत होता. तेच मला झोंबलं, अजून झोंबतं. दादांच्या पुस्तकात वर्दी लिहिली होती, कारण कुठंच लिहिलं नव्हतं. शर्ट खिळ्यावरून काढून अंगात घातला की संपलं. चूक असो नसो, रस्त्यात कुणाची म्हातारी आजारी असो, त्याला सांगावं लागत नव्हतं की मी तुला का थांबवतोय. गोऱ्ह्याच्या धन्याला निदान गोऱ्हा तरी लागत होता.

लायसन परत मिळालं. गाडी पुढं निघाली. बरंच अंतर गेल्यावर मामा म्हणाले, "चावी तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

"आणि दारात आला तर?"

"येऊ द्या. रस्त्यात येवडं छळतुय, तर दारात आलं काय, न आलं काय." मग काच काढलेली चौकट पायाशी ठेवत ते म्हणाले, "फुडच्या बाजारी म्या बी येतु. त्यो हात करील तवा इचारायला कुनी तरी पायजे."

पुढं आत्यांचा पाय बरा होईपर्यंत मामा दर बाजारी माझ्या शेजारी बसून आले. हवालदार दर बाजारी वर्दी घालून हात करायचा, मी थांबवायचे, आणि मामा दर वेळी तोच प्रश्न त्याच आवाजात विचारायचे, "का अडवलं, हवालदार?" त्यानं दर वेळी नुसतं खिशावर बोट ठेवलं, कारण एकदाही सांगितलं नाही. पण हात करायचाही तो एकदा चुकला नाही.